बशीतला चहा आणि पाकिटातली कॉफी

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात, समुद्राजवळच्या गावात राहतो. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. आमच्याकडे बंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे. वय आठ वर्षं, वजन साधारण १३ किलो. सासूबाई रोज सकाळी पडवीत बसून चहा घेतात आणि त्यातला बशीभर त्याला देतात, सोबत टोस्ट. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची पिशवी बंड्याने फाडली आणि इन्स्टंट कॉफीच्या ५० ग्रॅमच्या पाकिटातली निम्मी पूड खाल्ली, बाकीची पडवीत सांडली. पाकिटावर 'शंभर टक्के कॉफी' असं लिहिलेलं होतं. तास-दीड तासात तो येरझाऱ्या घालायला लागला, धापा टाकायला लागला, दोनदा ओकला. रात्रभर त्याचं अंग थरथरत होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून ताक पाजलं, कोकमाचं आगळ पाजलं. सरकारी दवाखाना बंद होता. पहाटे तो शांत झाला, दुसऱ्या दिवशी जेवला. आता मी चहा बंद करायला सांगते, तर सासूबाई म्हणतात, "माज्या म्हायेरच्या कुत्र्यान जल्मभर चाय पिली, तेका काय झाला?" मला त्यांना दुखवायचं नाही. चहाने खरंच कुत्रा मरतो का? त्या रात्रीचा काही परिणाम मागे राहिला असेल का? आणि पुन्हा असं झालं आणि डॉक्टर मिळाला नाही, तर घरी काय करायचं?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, बंड्या त्या रात्रीतून बाहेर आला हे वाचून फार बरं वाटलं. पण तो कशातून बाहेर आला हे तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून आधी थोडा हिशेब मांडते.

चहा-कॉफीत कॅफिन नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. त्याचा धोका मोजायचा तो कुत्र्याच्या वजनावर. दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेलं की अस्वस्थपणा, उलट्या, जुलाब, खूप तहान अशी लक्षणं दिसू लागतात. ४० ते ५० मिलिग्रॅमच्या घरात हृदयावर परिणाम होतो, ठोके भलतेच वाढतात, त्यांची लय बिघडते. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात आणि तिथून पुढे जीव जायची भीती असते. बंड्याच्या १३ किलोंना हे लावून पाहा : २६० मिलिग्रॅमला त्रास सुरू, ५२० ला हृदय, ७८० ला झटके. निव्वळ इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम कॅफिन असतं. निम्मं पाकीट म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ७५० मिलिग्रॅम. तो झटक्यांच्या अगदी उंबरठ्यावर होता, ताई. दोनदा ओकला तेव्हा त्यातली बरीचशी पूड बाहेर पडली असणार आणि त्यानेच तो वाचला असं मला वाटतं. सांडलेली पूडही त्याने चाटली असती, किंवा त्याच्या जागी सहा-सात किलोंचं लहान कुत्रं असतं, तर तुमचं पत्र वेगळं आलं असतं.

थरथर आणि धाप कशामुळे, तेही सांगते. शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य असतं. मेंदूला आणि हृदयाला 'आता जरा सावकाश' असा निरोप देणं हे त्याचं काम. हा निरोप जिथे पोचायचा ती जागाच कॅफिन अडवून बसतं. मग सगळं शरीर थांबायचं विसरतं. स्नायू आखडतात, हृदय धावत सुटतं आणि या सगळ्या धावपळीत अंगाची उष्णता वाढत जाते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. आपल्या किनाऱ्यावरच्या मे महिन्यात हवा इतकी दमट असते की धापा टाकूनही त्याला पुरेसा थंडावा मिळत नाही. त्यामुळे तेवढंच कॅफिन थंड, कोरड्या गावातल्या कुत्र्यापेक्षा तुमच्या बंड्याला जास्त जड जाऊ शकतं.

आता सासूबाईंचा चहा. इथे मी तुम्हाला घाबरवणार नाही, कारण खोट्या भीतीने त्यांना पटणारही नाही. दूध घातलेल्या बशीभर चहात साधारण १५ ते २० मिलिग्रॅम कॅफिन असेल. बंड्याच्या वजनाला ते किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास पडतं, त्रासाच्या पातळीच्या खूपच खाली. शिवाय ते अंगात साठून राहत नाही. कुत्र्याच्या रक्तातलं कॅफिन साधारण साडेचार तासांत निम्मं होतं, त्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत कालचा चहा जवळपास निघून गेलेला असतो. सासूबाईंच्या माहेरच्या कुत्र्याला काही झालं नाही, हे त्या खरंच सांगतायत. त्यांचं म्हणणं खोडून काढायला जाऊ नका.

कुत्र्यांना कॅफिन पचतच नाही, असंही तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते तसं नाही. कॅफिन शरीराबाहेर टाकायचा कुत्र्याचा वेग माणसापेक्षा फारसा वेगळा नाही. फरक आहे तो वजनाचा आणि खाण्याच्या रीतीचा. साठ किलोंचा माणूस चमचाभर कॉफी कपात ढवळून घोट घोट पितो. तेरा किलोंचा कुत्रा वीस चमचे पूड चार मिनिटांत चाटतो आणि कडू लागलं म्हणून थांबत नाही.

तरीही चहा बंद करा असंच मी सांगेन, आणि त्याचं कारण बशीत नाही. रोज सकाळी प्रेमाच्या माणसाच्या हातून तो वास येतो, सोबत साखर आणि टोस्ट येतो. आठ वर्षांत बंड्या हे शिकला आहे की या वासाचं जे असेल ते खायचं. पाहुण्यांच्या पिशवीत साबण असेल, टूथपेस्ट असेल, तेलाची बाटली असेल. त्याने नेमकं कॉफीचं पाकीट फाडलं. सवयीचा यात हात असावा असं मला वाटतं. दुसरं कारण त्याच्या वयाचं. आठ वर्षांच्या कुत्र्याचं हृदय आता तरुण राहिलेलं नाही. हृदयाचा आजार असलेल्या किंवा फीट येणाऱ्या कुत्र्याला, तसंच गाभण कुत्रीला तर थोडंही कॅफिन देऊ नये. आणि कधी सासूबाईंनी प्रेमाने पडवीतल्या दोन किलोंच्या पिल्लाला तीच बशी पुढे केली, तर किलोमागे हिशेब एकदम दहा मिलिग्रॅमवर जातो. दूध आणि साखरेचं वेगळं सांगत नाही, त्याने पोट बिघडतं आणि वजन वाढतं एवढंच.

सासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांच्या हातातली बशी काढून घेऊ नका, बशीत काय असेल ते बदला. सकाळी घरात पेज होतच असेल. उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता वेगळी काढलेली, कोमट करून त्याच वेळी, त्याच जागी, त्यांच्याच हाताने द्या. लोणचं, कांदा, लसूण त्यात नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुरुवातीचे काही दिवस बंड्या चहाच्या कपाकडे बघून कुईकुई करेल, ते त्यांना बघवणार नाही. तेव्हा त्यांना त्या मे महिन्यातल्या रात्रीची आठवण द्या आणि हेही सांगा, की याचा जीव वाचवायचं काम आता तुमच्याकडे आहे. पाहुण्यांनी बिस्कीट-चॉकलेट द्यायला हात पुढे केला की पडवीत बसून "नको, तेका त्रास होता" असं ठणकावून सांगणारं माणूस घरात त्यांच्याइतकं दुसरं कोणी नसेल.

खरा धोका कोरड्या पुडीत आहे. चहापत्तीच्या एका ग्रॅममध्ये २० ते ४० मिलिग्रॅम कॅफिन असतं. दुधात उकळून, बशीभर पाण्यात विरून ते नगण्य होतं, पण शंभर ग्रॅमचा पुडा अख्खा आत गेला तर दोन हजारांच्या पुढे जातं. म्हणून चहा आणि कॉफी घट्ट झाकणाच्या डब्यात, कडी असलेल्या फडताळात, कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला तरी पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. पाहुण्यांच्या खोलीत ट्रेमध्ये कॉफीच्या पुड्या ठेवत असाल तर त्या ठेवू नका, मागितल्यावर द्या. केराची टोपली झाकणाची आणि जड हवी.

चहाचा चोथा बहुतेक घरांत गुलाबाच्या, अनंताच्या बुंध्याशी टाकतात. उकळल्यावर त्यात कॅफिन कमी उरतं, पण उरतं, आणि दूध-साखरेच्या वासाने कुत्रं तो उकरून खातं. पावसाळ्यात तर दोन दिवसांत त्यावर बुरशी चढते. बुरशी आलेल्या कचऱ्यात अशी काही विषं तयार होतात की त्यांनीही कुत्र्याला अगदी कॅफिनसारखीच थरथर आणि झटके येतात. चोथा धुऊन, मातीत खोल पुरून टाका, किंवा खताचा खड्डा झाकून ठेवा.

पाहुण्यांच्या पिशवीतलं मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. व्यायामाआधी घ्यायची पूड हल्ली पुष्कळ तरुण मुलं सोबत आणतात. तिच्या एकाच मापात १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं, म्हणजे एखाद-दोन मापांत बंड्याला त्रास सुरू. जागरणासाठीच्या कॅफिनच्या गोळ्या येतात, एकेक २०० मिलिग्रॅमची. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, पण तिथे कॅफिनपेक्षा सोबतच्या पॅरासिटामॉलची भीती जास्त. कुत्र्याच्या यकृताला ते घातक आहे आणि घरात मांजर असेल तर तिला अर्धी गोळीही मारू शकते. एनर्जी ड्रिंकचं म्हणाल तर भारतात कॅफिनयुक्त पेयांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. २५० मिलीच्या डब्यात फार तर ७५ मिलिग्रॅम. बंड्याने सांडलेलं थोडं चाटलं तर धावाधाव नको, पण पाच किलोंच्या पॉमेरेनियनने अख्खा डबा संपवला तर लगेच फोन करा.

चॉकलेट हे याच घराण्यातलं. त्यात कॅफिन थोडं आणि कॅफिनचंच भावंड असलेलं थिओब्रोमिन जास्त, आणि इथे मात्र कुत्रा माणसापेक्षा खरंच हळू आहे. त्याच्या अंगातलं थिओब्रोमिन निम्मं व्हायलाच सतरा-साडेसतरा तास लागतात. म्हणून कॉफीची लक्षणं तासाभरात दिसतात आणि बहुधा दिवसा-दीड दिवसात ओसरतात, चॉकलेटची मात्र सहा-बारा तासांनी उमटतात आणि तीन दिवसही रेंगाळतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, काळ्या कडू चॉकलेटमध्ये ५ ते ८. चाकरमानी घरी येताना मुलांसाठी आणतात ते बहुधा पहिलं, हौशी पर्यटक आणतात ते दुसरं. शंभर ग्रॅमची काळी वडी बंड्यासाठी थेट हृदयाच्या पातळीवरची आहे.

आता पुन्हा असं झालं तर काय करायचं. पहिलं काम, कुत्र्याला तिथून दूर करा आणि राहिलेली पूड उचला, त्याने परत चाटू नये म्हणून. पाकीट फेकू नका. त्यावर काय लिहिलंय, किती उरलंय, किती वाजता खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी हातात घेऊन लगेच डॉक्टरला फोन करा. लक्षणं दिसायची वाट बघू नका. पोट रिकामं करून उपयोग होतो तो पहिल्या तास-दोन तासांतच. तुमच्या रात्री येरझाऱ्या सुरू झाल्या तेव्हा ती वेळ जवळपास संपत आली होती.

घरी ओकायला लावू नका. मिठाचं पाणी पाजायचा सल्ला कोणीतरी हमखास देतं. मीठ रक्तात चढलं की मेंदूला सूज येऊन त्यानेच कुत्रा दगावू शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने अन्ननलिका आणि जठर भाजतं, ते डॉक्टरने स्वतः प्रमाण सांगितलं तरच. थरथरणाऱ्या, झटके येणाऱ्या किंवा पेंगणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जातं. ताकाने आणि आगळाने कॅफिन उतरत नाही, ताई. शेजाऱ्यांनी आपुलकीने सांगितलं, पण पुन्हा पाजू नका. तूप पाजू नका, चुलीतला कोळसा कुटून देऊ नका. दवाखान्यात देतात तो कोळसा खास प्रक्रिया केलेला असतो, त्यालाच विष चिकटून बसतं.

तुमच्या हातात आहे ते एवढं : अंधारी, शांत खोली. टीव्ही बंद, मुलं बाहेर, कारण आवाजाने आणि स्पर्शाने झटका येऊ शकतो. पंखा, पोटाला आणि पंजांना साध्या पाण्याचं ओलं फडकं, बर्फ नाही. वाटीत पाणी ठेवा, स्वतःहून प्यायला तर पिऊ दे. आणि दर तास-दीड तासाने साखळी लावून लघवीला बाहेर न्या. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं : कॅफिन लघवीत उतरतं आणि लघवी मूत्राशयात तुंबून राहिली तर तिथून परत रक्तात शोषलं जातं. नुसती वेळच्या वेळी लघवी झाली तरी विष लवकर बाहेर पडायला मदत होते.

मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली तर नाडी लागते. पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. बंड्या शांत असताना आजच मोजून ठेवा म्हणजे फरक कळेल. स्वस्थ बसलेल्या अशा कुत्र्याची नाडी साधारण ७० ते १२० असते. बसल्या जागी १८० च्या वर गेली, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला (नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं), अंग ताठ झालं किंवा झटका आला, तर रात्र असो की पाऊस, गाडी काढायची. काचा उघड्या ठेवा, तोंड बांधू नका, पाहुण्यांचीच गाडी मागून घ्या. कॅफिनवर उतारा म्हणून असं एक औषध नाही, पण दवाखान्यात शिरेतून सलाइन लावतात, झटक्यांवर डायझेपाम देतात, हृदयाची धाव आवरणारी औषधं देतात. वेळेत पोचलेले बहुतेक कुत्रे बरे होतात.

त्या रात्रीचा परिणाम मागे राहिला असेल का, हे तुम्ही विचारलंत. त्याला झटके आले नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवला, आणि आता खाणं, पिणं, लघवी, धावणं पूर्वीसारखं असेल, तर कॅफिनने कायमचं काही बिघडवलं असण्याची शक्यता कमी आहे. तरीही आठ वर्षांच्या कुत्र्याचं हृदय एकदा स्टेथोस्कोपने तपासून घ्याच. चालताना लवकर दमतो, रात्री खोकतो, किंवा एकदा भोवळ येऊन पडला असं काही असेल तर लवकर न्या आणि ईसीजी काढून मिळतो का विचारा.

डॉक्टर शोधून ठेवायचं काम गणपतीला घर भरायच्या आत उरका, कारण तेव्हा पुन्हा पडवीभर पिशव्या असतील. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गुरांसाठी वापरला जातो, पण जवळ कोण डॉक्टर आहे हे तिथेही विचारता येईल. तालुक्याच्या दवाखान्यात, आणि कणकवली-कुडाळकडे खासगी डॉक्टर असतील त्यांच्याकडेही आताच चौकशी करा. फोनवर सरळ विचारा : तुम्ही कुत्रे बघता का, रात्री फोन उचलता का, ओकवायचं इंजेक्शन आणि औषधी कोळसा तुमच्याकडे असतो का, आणि तुम्ही नसाल तेव्हा आम्ही कोणाकडे जायचं? उत्तरं, फोन नंबर आणि बंड्याचं वजन एका कागदावर लिहून त्या फडताळाच्या दारावर चिकटवा.